नोकरी शोधताना लागणारं रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा-बिडकीन, जालन्याची एमआयडीसी, नाहीतर थेट चाकण आणि हिंजवडी. मराठवाड्यातून अशा ठिकाणी अर्ज करणाऱ्या मुलामुलींकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत, म्हणजे वाचता वाचता मोठ्याने म्हणता येतील. नोकरीच्या बोलण्यात व्याकरण थोडं चुकलं तर कुणी अडवत नाही. आकडा, तारीख, वेळ किंवा हो-नाही चुकलं तर मात्र काम अडतं. म्हणून त्यांनाच इथे जास्त जागा दिली आहे.

१. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. नोकरीसाठी नेमकं किती इंग्रजी लागतं?

कामाप्रमाणे फरक पडतो. फिटर, वेल्डर, मशीन ऑपरेटर यांची मुलाखत बहुतेक वेळा हिंदी-मराठीतच होते. पण ड्रॉइंग, चेकशीट, मशीनवरचा अलार्म हे सगळं इंग्रजीत असतं, त्यामुळे वाचता यायला हवं. क्वालिटी, स्टोअर, पर्चेस किंवा डिस्पॅचला असाल तर रोज मेल लिहावे लागतात आणि पुण्या-चेन्नईच्या माणसाशी फोनवर बोलावं लागतं. अजिंठा-वेरूळच्या पर्यटकांवर चालणारी हॉटेलं, कॉल सेंटर, आयटी सपोर्ट इथे मात्र मुलाखतीचा पहिला मिनिटच तुमचं बोलणं तपासण्यासाठी असतो.

गेटवरच्या सिक्युरिटीशी इंग्रजी बोलायची काही गरज नाही. तो बहुधा पैठण नाहीतर गंगापूरकडचा असतो. मराठीत विचारा, तो एचआरचं ऑफिस कुठल्या बाजूला आहे तेही सांगेल.

२. क्लास लावायला पैसे नाहीत. घरी सराव कसा करायचा?

दोघं मित्र धरा आणि समोरासमोर बसण्याऐवजी फोनवर बोला. समोर माणूस दिसला की आपण हातवारे करून भागवतो; फोनवर शब्दच लागतात, आणि पहिली मुलाखत हल्ली फोनवरच होते. एकाने प्रश्न ३ ते ८ मधले प्रश्न विचारायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, कॉल रेकॉर्ड करायचा. ऐकताना फक्त दोन गोष्टी शोधा: कुठे अडखळलात, आणि कुठला आकडा ऐकू आला नाही. व्याकरण नंतर.

दुसरा उपाय म्हणजे रोज एक नोकरीची जाहिरात मोठ्याने वाचणं. तुमच्या क्षेत्रातले पन्नास-साठ शब्द त्यात फिरून फिरून येतात, आणि मुलाखतीत तेच येतात. तर्खडकरांच्या जुन्या भाषांतर पाठमालेसारखी भाषांतराची वाक्यं घोकण्यापेक्षा हे लवकर उपयोगी पडतं.

३. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हटलं की काय सांगायचं?

चार गोष्टी, याच क्रमाने: नाव आणि गाव, शिक्षण आणि वर्ष, काम किंवा प्रोजेक्ट, आणि ही नोकरी का. सगळं मिळून एक मिनिटाच्या आत. नमुना असा:

"गुड मॉर्निंग. आय ॲम गणेश जाधव, फ्रॉम गंगाखेड इन परभणी डिस्ट्रिक्ट. आय डिड माय डिप्लोमा इन मेकॅनिकल इंजिनिअरिंग इन ट्वेन्टी ट्वेन्टी-थ्री. आफ्टर दॅट आय वर्क्ड फॉर वन इयर ॲज अ सीएनसी ऑपरेटर इन वाळूज, मेनली ऑन टर्निंग. आय कॅन रीड ड्रॉइंग्ज अँड यूज अ मायक्रोमीटर. नाऊ आय वुड लाइक टू मूव्ह इनटू क्वालिटी."

हे पाठ करू नका. नाव बदलून तेच बोलणारे आणखी चारजण रांगेत असतात, आणि मध्येच एक प्रश्न आला की पाठांतराची गाडी रुळावरून घसरते. चार मुद्दे लक्षात ठेवा, वाक्य रोज वेगळं बनवा.

नेहमीच्या चुका:

"मायसेल्फ गणेश" असं सुरू करू नका. "आय ॲम गणेश" पुरे. वर्ष सांगितलं की साधा भूतकाळ येतो: "आय कम्प्लिटेड माय डिप्लोमा इन ट्वेन्टी ट्वेन्टी-थ्री." तिथे "आय हॅव कम्प्लिटेड" नको. "दोन वर्षांपासून" हे मराठीतून उचलून "सिन्स टू इयर्स" होतं. ते "फॉर टू इयर्स" हवं. "सिन्स" वापरायचं असेल तर पुढे सुरुवातीचं वर्ष द्या: "सिन्स ट्वेन्टी ट्वेन्टी-टू."

वडील काय करतात, भाऊ किती, घरची परिस्थिती कशी, हे विचारल्याशिवाय सांगायचं नाही. "प्लीज सर, गिव्ह मी वन चान्स, माय फॅमिली कंडिशन इज पुअर" हे वाक्य फार जण बोलतात. ऐकणाऱ्याला वाईट वाटतं, पण त्याच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नसतो.

४. गावाचं आणि शहराचं नाव कसं सांगू? समोरच्याला कळतच नाही. कागदावर औरंगाबाद आहे आणि आता संभाजीनगर झालंय.

खेड्याचं नाव सोडा. तालुका आणि जिल्हा सांगा. समोरचा बंगळूरू-चेन्नईचा असेल तर मोठं शहर जोडा: "इट इज अबाउट टू अवर्स फ्रॉम नांदेड."

शहराची आणि जिल्ह्याची नावं २०२३ मध्ये बदलली, पण जुन्या मार्कशीटवर आणि दाखल्यांवर जुनीच आहेत. एकदाच स्पष्ट करून टाका: "आय लिव्ह इन छत्रपती संभाजीनगर, फॉर्मर्ली औरंगाबाद." धाराशिवकरांनी तसंच "फॉर्मर्ली उस्मानाबाद" म्हणावं. जुन्या नावाच्या कागदामुळे घाबरायचं कारण नाही. विचारलं तर "द सिटी वॉज रीनेम्ड; इट इज द सेम ॲड्रेस" एवढं बस्स. विद्यापीठाचं नाव सांगताना "बामू" म्हणू नका. मराठवाड्याबाहेर ते कुणाला कळत नाही. पूर्ण नाव घ्या.

व्यक्तीच्या नावाचा घोळ वेगळाच. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं. बोलताना नाव आधी, आडनाव नंतर. ऑनलाइन फॉर्ममध्ये "फर्स्ट नेम" म्हणजे तुमचं नाव, "मिडल नेम" म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, "लास्ट नेम" म्हणजे आडनाव. मार्कशीटच्या क्रमाने भरलं तर मेल "डिअर जाधव" किंवा थेट वडिलांच्या नावाने येतो, आणि पुढे बँक खातं, आधार आणि पीएफ जुळत नाहीत.

५. कंपनीचा फोन अचानक आला, मी बसमध्ये किंवा शेतात असलो तर?

उचला, पण मुलाखत तिथेच देऊ नका. "थँक यू फॉर कॉलिंग. आय ॲम ट्रॅव्हलिंग राइट नाऊ. कॅन आय कॉल यू बॅक इन हाफ ॲन अवर?" यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, एचआरला रोज असे दहा जण भेटतात. मात्र अर्ध्या तासाने फोन करायचाच.

ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: "मे आय नो युवर नेम?", "विच कंपनी इज धिस फॉर?", "विच पोझिशन?" दहा ठिकाणी अर्ज केलेले असतात, आणि कन्सल्टन्सीवाले कंपनीचं नाव भराभर बोलून मोकळे होतात. रेंज जात असेल तर "हॅलो, हॅलो" करत बसण्यापेक्षा: "युवर व्हॉइस इज ब्रेकिंग. कुड यू प्लीज सेंड मी द डिटेल्स ऑन व्हॉट्सॲप?" पत्ता, वेळ आणि भेटायच्या माणसाचं नाव लेखी मिळालं की अर्धी चिंता मिटते.

६. वेळ आणि तारीख सांगताना नेहमी गोंधळ होतो. सव्वा, पावणे, परवा यांचं काय करायचं?

इथे खरोखर मुलाखती हुकतात, म्हणून नीट पाहा.

सव्वादहा म्हणजे "क्वार्टर पास्ट टेन", साडेदहा "हाफ पास्ट टेन", आणि पावणेअकरा "क्वार्टर टू इलेव्हन". पावणेला "क्वार्टर टू" ऐवजी "क्वार्टर पास्ट" म्हटलं की थेट अर्ध्या तासाचा फरक पडतो. खात्री नसेल तर आकड्यांत सांगा: "टेन फॉर्टी-फाइव्ह." दीड म्हणजे "वन अँड अ हाफ"; मधला "अ" विसरू नका. अडीच म्हणजे "टू अँड अ हाफ", पण वेळ असेल तर "टू थर्टी".

मराठीत परवा दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत येणारा परवा "द डे आफ्टर टुमॉरो" आणि गेलेला परवा "द डे बिफोर यस्टरडे". "नेक्स्ट फ्रायडे" हा शब्द तर भांडणाचं मूळच आहे: कुणी येणारा शुक्रवार धरतं, कुणी त्यानंतरचा. तारीख वदवून घ्या: "दॅट इज फ्रायडे द ट्वेल्फ्थ, राइट?" तारीख लिहिताना महिना अक्षरी लिहा. परदेशी कंपनीच्या फॉर्मवर ५/६ म्हणजे ६ मे सुद्धा असू शकतो.

"बाय" आणि "टिल" चा फरकही कामाचा आहे. "सबमिट द डॉक्युमेंट्स बाय फ्रायडे" म्हणजे शुक्रवारच्या आत कधीही, उशिरात उशिरा शुक्रवार. "द ऑफिस इज ओपन टिल फाइव्ह" म्हणजे पाचपर्यंत सतत उघडं.

७. पगार, टक्के, मोबाइल नंबर, ईमेल. आकडे कसे बोलायचे?

सगळ्यात जास्त फसवणारी जोडी म्हणजे "एटीन" आणि "एटी", "फिफ्टीन" आणि "फिफ्टी". "टीन" वर जोर द्या आणि शेवटचा "न" ऐकू येऊ द्या. "एटी" मध्ये जोर पहिल्या अक्षरावर. तरी शंका असेल तर फोड करा: "एटीन थाउजंड, वन-एट." समोरच्याने आकडा सांगितला की तुम्हीही तसाच परत म्हणून दाखवा.

दशांशानंतरचे अंक सुटे वाचायचे. ६८.२५ म्हणजे "सिक्स्टी-एट पॉइंट टू फाइव्ह". "पॉइंट ट्वेन्टी-फाइव्ह" नाही. मोबाइल नंबर मराठीत आपण "अठ्ठ्याण्णव बावीस" असा जोडीने सांगतो, इंग्रजीत एकेक अंक, तीन किंवा चारच्या गटात, मध्ये श्वास घेऊन. "डबल नाइन", "ट्रिपल झीरो" भारतात सगळ्यांना कळतं.

ईमेलमध्ये भारतात "ॲट द रेट" म्हणतात, परदेशी माणसाशी नुसतं "ॲट". बिंदूला "डॉट", खालच्या रेषेला "अंडरस्कोर", मधल्या आडव्या रेषेला "हायफन". अक्षरं सांगताना "बी फॉर बॉम्बे, डी फॉर डेल्ही" असं म्हणा; फोनवर बी, डी, पी, टी सगळे सारखे ऐकू येतात. आणि ईमेल आयडीत "किंग", "रॉयल", "९६ कुळी" वगैरे असेल तर आधी नवा आयडी काढा.

८. "यू डोन्ट हॅव एनी एक्स्पिरियन्स?" असं विचारलं, मी "येस" म्हटलं, आणि ते वेगळंच समजले. असं का?

मराठीत "तुम्हाला अनुभव नाही ना?" याला आपण "हो, नाही" म्हणतो. तिथे "हो" म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आहे. इंग्रजीत उत्तर वस्तुस्थितीला द्यायचं असतं. अनुभव नसेल तर "नो, आय डोन्ट." असेल तर "येस, आय डू." नुसतं "येस" किंवा "नो" सोडून देऊ नका, मागे अख्खं वाक्य लावलं की गैरसमज उरत नाही: "नो, आय डोन्ट हॅव एक्स्पिरियन्स, बट आय हॅव डन अ सिक्स-मंथ प्रोजेक्ट."

असाच दुसरा सापळा उच्चाराचा. "आय वाँट टू वर्क इन नाइट शिफ्ट" आणि "आय वोन्ट वर्क इन नाइट शिफ्ट" एकदम उलटे आहेत. वाँटचा "आँ" तोंड उघडून, वोन्टचा "ओ" ओठ गोल करून. जमत नसेल तर "वोन्ट" टाळा आणि "आय विल नॉट" म्हणा. हवं असल्याचं सांगायला "आय वुड लाइक टू" जास्त सभ्यही आहे.

मान हलवून "ओके, ओके" म्हणणं हेही उत्तर मानलं जातं. बॉण्डबद्दल, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराबद्दल, काही बोलणं चालू असताना तर फारच सांभाळा.

९. प्रश्नच कळला नाही तर? मध्येच हिंदी-मराठीत बोललं तर चालतं का?

न कळलेल्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देण्यासारखी मोठी चूक नाही. "सॉरी, आय डिडन्ट गेट द लास्ट पार्ट. कुड यू रिपीट इट?" दुसऱ्यांदाही कळलं नाही तर आपल्याला काय कळलं ते सांगा: "आर यू आस्किंग अबाउट माय लास्ट सॅलरी?" "डिडन्ट" नंतर "अंडरस्टुड" येत नाही, "अंडरस्टँड" येतं.

भाषा बदलायची तर परवानगी घेऊन: "कॅन आय एक्स्प्लेन धिस पार्ट इन हिंदी?" मशीनचं काम, बिघाड, अकाउंटची नोंद अशा गोष्टींत बहुतेक मुलाखतकार होकार देतात, कारण त्यांना काम येतं का हे बघायचं असतं. ज्या नोकरीत ग्राहकाशी इंग्रजीतच बोलायचं आहे तिथे मात्र हे विचारू नका.

"सर" किंवा "मॅडम" सुरुवातीला आणि निघताना पुरे. दर वाक्यामागे "सर" लावायची आपल्याकडची सवय शाळेतून आलेली आहे. उत्तर तुटक ऐकू येतं.

१०. टेक्निकल प्रश्नांची उत्तरं येतात, पण इंग्रजीत मांडता येत नाहीत.

तीन तुकड्यांत सांगायची सवय करा: काय करतो, कशाने, कशासाठी. "आय चेक द आउटर डायमीटर विथ अ मायक्रोमीटर, बिकॉज द टॉलरन्स इज टाइट." सुटसुटीत वर्तमानकाळ चालतो. क्रम सांगताना "फर्स्ट", "देन", "आफ्टर दॅट", "फायनली" एवढे चार शब्द पुरतात.

हमखास येणारा प्रश्न लीस्ट काउंटचा, म्हणजे त्या साधनाने मोजता येणाऱ्या सगळ्यात लहान मापाचा. नेहमीच्या व्हर्नियर कॅलिपरचा ०.०२ मिमी, साध्या मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी. बोलताना "झीरो पॉइंट झीरो टू एमएम" आणि "झीरो पॉइंट झीरो वन एमएम". घाईत "पॉइंट टू" म्हटलंत तर ०.२ झालं, म्हणजे दहापट. उत्तर येत असून चुकीचं ठरतं ते असं.

बिघाडाबद्दल विचारलं तर: "द मशीन स्टॉप्ड. आय चेक्ड द अलार्म नंबर. द कूलंट लेव्हल वॉज लो. आय फिल्ड इट अँड रीसेट द अलार्म." लहान वाक्यं, एका वाक्यात एक काम. कॉमर्सवाल्यांनीही हाच साचा धरावा: "आय एंटर परचेस बिल्स इन टॅली, मॅच देम विथ द जीएसटी पोर्टल, अँड रिपोर्ट द डिफरन्स." येत नसेल तर "आय हॅव नॉट यूज्ड इट यट, बट आय हॅव सीन इट" असं खरं सांगा. पुढचा प्रश्न त्यावरच येणार असतो.

११. एचआरला व्हॉट्सॲप किंवा मेल कसा लिहायचा?

व्हॉट्सॲपवर "हाय सर" एवढंच पाठवून उत्तराची वाट बघू नका. एकाच मेसेजमध्ये सगळं: "गुड मॉर्निंग. आय ॲम अप्लाइंग फॉर द पोझिशन ऑफ क्वालिटी इन्स्पेक्टर. आय हॅव अ डिप्लोमा इन मेकॅनिकल अँड वन इयर ऑफ एक्स्पिरियन्स. माय रेझ्युमे इज अटॅच्ड." व्हॉइस नोट नको, सकाळी नऊच्या आत आणि रात्री आठनंतर नको. प्रोफाइल फोटोही बघतात, हे लक्षात असू द्या.

मेलचा विषय रिकामा सोडू नका: पद, तुमचं नाव, अनुभव. रेझ्युमेची फाइल पीडीएफ आणि तिच्या नावात तुमचं नाव. "न्यू रेझ्युमे फायनल २" असं नाव असलेल्या शंभर फाइल त्यांच्याकडे आधीच आहेत. "रिव्हर्ट बॅक" ऐवजी "रिप्लाय" लिहा.

१२. मधली दोन-तीन वर्षं रिकामी आहेत. भरतीची तयारी करत होतो, शेती बघत होतो. काय सांगू?

तेच सांगा, पण एका वाक्यात आणि अपराध्यासारखं नाही. "फ्रॉम ट्वेन्टी ट्वेन्टी-टू टू ट्वेन्टी ट्वेन्टी-फोर, आय प्रिपेअर्ड फॉर द पोलीस रिक्रूटमेंट एक्झाम." किंवा "आय मॅनेज्ड अवर फॅमिली फार्म." लगेच पुढचं वाक्य आताचं हवं: "नाऊ आय ॲम लुकिंग फॉर अ फुल-टाइम जॉब."

त्यावर खरा प्रश्न येतो तो हा: पुन्हा जाहिरात निघाली तर नोकरी सोडणार का? मराठवाड्यातल्या उमेदवारांना हा हमखास विचारतात, कारण भरती निघाली की लाइनवरची माणसं कमी होतात. मनाशी ठरवून जा. सोडलं असेल तर "आय हॅव स्टॉप्ड प्रिपेअरिंग" म्हणा. शेतीबद्दल बोलताना "नथिंग, जस्ट फार्मिंग" म्हणू नका. पाच एकर सोयाबीन, मजूर, फवारणीचा हिशेब सांभाळणं हे काम आहे: "आय हँडल्ड लेबर, परचेस अँड अकाउंट्स फॉर फाइव्ह एकर्स."

१३. एटीकेटी असेल तर कसं सांगायचं?

महाराष्ट्राबाहेर बऱ्याच ठिकाणी "एटीकेटी" कळत नाही, राहिलेल्या विषयाला "बॅकलॉग" म्हणा. "आय हॅव वन बॅकलॉग इन द फिफ्थ सेमिस्टर. द रिझल्ट इज अवेटेड." सुटला असेल तर "आय हॅव क्लिअर्ड ऑल माय बॅकलॉग्ज." फॉर्मवर "ॲक्टिव्ह बॅकलॉग" विचारलं असेल तर न सुटलेलेच विषय मोजायचे. लपवलं तर कागद तपासताना उघड होतं आणि दिलेली ऑफर जाते.

१४. "व्हॉट इज युवर एक्स्पेक्टेड सॅलरी?" याला "ॲज पर कंपनी नॉर्म्स" म्हटलं तर चालेल का?

फ्रेशर असाल तर चालतं. अनुभव असेल तर हे उत्तर म्हणजे "द्याल ते घेतो". त्या भागात त्या कामाला काय मिळतं ते आधी दोघा-तिघांकडून काढा आणि एका आकड्याऐवजी किती ते किती असं सांगा: "आय ॲम एक्स्पेक्टिंग बिटवीन एटीन अँड ट्वेन्टी थाउजंड इन हँड." "इन हँड" म्हणायला विसरू नका, का ते प्रश्न १५ मध्ये. पुण्याला जाणार असाल तर खोलीभाडं आणि मेस धरून आकडा काढा. संभाजीनगरात घरून डबा नेऊन भागणारा पगार चाकणला महिनाअखेर पुरत नाही.

१५. २.४ लाखांचं पॅकेज म्हणाले, म्हणजे महिन्याला २० हजार ना? हातात सोळाच का आले?

पॅकेज म्हणजे सीटीसी, तुमच्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च. त्यात कंपनी तुमच्या नावाने भरते ते पैसेही धरलेले असतात. हिशेब करून पाहू. समजा ग्रॉस (कपातीआधीचा) पगार १८,००० आणि त्यात बेसिक अधिक महागाई भत्ता १२,०००.

कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४०, आणि ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) कंपनीचा वाटा ३.२५ टक्के म्हणजे ५८५. एकूण २०,०२५, वर्षाचे २,४०,३००. हे झालं पॅकेज. तुमच्या १८,००० मधून तुमचा पीएफ १,४४०, ईएसआयसी ०.७५ टक्के म्हणजे १३५, प्रोफेशनल टॅक्स २०० जातो. हातात १६,२२५. फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स ३०० असतो. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो लागत नाही. कँटीन आणि बसचे पैसे असतील तर वेगळे.

विचारायची वाक्यं: "व्हॉट विल बी माय इन-हँड सॅलरी आफ्टर पीएफ अँड ईएसआयसी?", "इज बोनस इन्क्लुडेड इन द सीटीसी?", "हाऊ इज ओव्हरटाइम पेड?" हे विचारलं म्हणून कुणी नाकारत नाही.

१६. कंपनीचं नाव मोठं, पण नेमणूक कॉन्ट्रॅक्टरकडून. हे मुलाखतीत कसं ओळखायचं?

सरळ विचारा: "इज धिस पोझिशन ऑन कंपनी रोल्स ऑर थ्रू अ कॉन्ट्रॅक्टर?" आणि "हू विल इश्यू द अपॉइंटमेंट लेटर?" पत्र ज्याचं, नोकरी त्याच्याकडे. "ट्रेनी" म्हणत असतील तर मुदत विचारा: "हाऊ लाँग इज द ट्रेनिंग पिरियड, अँड व्हॉट हॅपन्स आफ्टर दॅट?"

अप्रेंटिस हा वेगळा प्रकार आहे. १९६१ च्या कायद्याखालच्या अप्रेंटिसला पगाराऐवजी स्टायपेंड मिळतो, पीएफ-ईएसआयसी लागू होत नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन साधारणपणे नसतं. आयटीआयवाल्यांसाठी त्याचं प्रमाणपत्र मात्र पुढे उपयोगी पडतं, म्हणून "विल धिस बी अंडर द अप्रेंटिसेस ॲक्ट?" हे आधीच विचारून घ्या.

१७. मुलींना लग्नाबद्दल आणि नाइट शिफ्टबद्दल विचारतात. काय बोलायचं?

लग्नाच्या प्रश्नामागे बहुधा "किती दिवस टिकशील" हा प्रश्न असतो. त्यालाच उत्तर द्या: "आय ॲम प्लॅनिंग टू वर्क लाँग टर्म." फारच खोदून विचारलं तर "आय वुड प्रिफर टू टॉक अबाउट द जॉब" हे पुरेसं ठाम आणि पुरेसं सभ्य आहे.

शिफ्टबद्दल हो म्हणण्याआधी: "इज देअर पिक-अप अँड ड्रॉप फॉर द नाइट शिफ्ट?", "व्हॉट इज द लास्ट बस टाइम?", "हाऊ मेनी विमेन वर्क इन धिस शिफ्ट?" घरी विचारून सांगायचं असेल तर वडिलांचं नाव पुढे करण्यापेक्षा "आय विल कन्फर्म बाय टुमॉरो" म्हणा आणि दुसऱ्या दिवशी खरंच कळवा.

१८. शेवटी "एनी क्वेश्चन्स फॉर मी?" विचारतात. "नो सर" म्हणू?

नको. दोन प्रश्न तयार ठेवा: "व्हॉट वुड माय फर्स्ट थ्री मंथ्स लुक लाइक?" आणि "व्हेन कॅन आय एक्स्पेक्ट टू हिअर फ्रॉम यू?" पगाराची बोलणी झाली नसतील तर प्रश्न १५ मधलं एक वाक्य.

१९. "वुई विल लेट यू नो" म्हणाले आणि आठ दिवस काहीच नाही.

हे शब्द होकारही नाहीत आणि नकारही नाहीत. त्यांनी सांगितलेली मुदत उलटली की दोन दिवसांनी एक मेसेज: "आय हॅड ॲन इंटरव्ह्यू ऑन द फिफ्थ फॉर द स्टोअर असिस्टंट पोझिशन. इज देअर एनी अपडेट?" त्यानंतर आठवड्याने आणखी एक. मग थांबा आणि दुसरीकडे अर्ज करा. रोज "एनी अपडेट सर" पाठवणाऱ्याचा नंबर म्यूट होतो.

२०. नोकरी पक्की आहे म्हणतात, पण रजिस्ट्रेशनचे किंवा युनिफॉर्मचे पैसे आधी मागतात.

नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून फोनपेवर पैसे घेत नाही. इंग्रजी सफाईदार आणि लेटरहेड चकचकीत असलं तरी नाही. उत्तर: "प्लीज सेंड द ऑफर लेटर फ्रॉम द कंपनीज ऑफिशियल ईमेल आयडी. आय विल नॉट पे एनी फी." यावर "टुडे इज द लास्ट डेट" अशी घाई सुरू झाली की फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता कमी. ओटीपी तर कुठल्याच मुलाखतीत लागत नाही.

२१. आधीची नोकरी चालू आहे आणि नवे लोक "उद्याच जॉइन व्हा" म्हणतात.

"आय ॲम सर्व्हिंग अ नोटीस पिरियड ऑफ थर्टी डेज" हे राजीनामा दिल्यावरचं वाक्य आहे. दिला नसेल तर "माय नोटीस पिरियड इज थर्टी डेज" म्हणा. या दोन्हींत महिन्याचा फरक आहे. लवकर सुटका होण्यासारखी असेल तर "आय विल रिक्वेस्ट अर्ली रिलीज, बट आय कान्ट प्रॉमिस."

लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. "थँक यू फॉर द ऑफर. कुड यू प्लीज सेंड इट इन रायटिंग? आय विल कन्फर्म इन टू डेज." न सांगता जुनी नोकरी सोडली तर रिलीव्हिंग लेटर (रीतसर सोडल्याचं पत्र) अडतं आणि नवी कंपनी नेमकं तेच मागते.

२२. ऑफर लेटर आलं, राजीनामाही दिला, आणि आता जॉइनिंगची तारीख पुढे पुढे ढकलतायत. भांडू का?

आधी मेल, म्हणजे लेखी राहील: "ॲज पर युवर ऑफर लेटर, माय जॉइनिंग डेट वॉज द फर्स्ट ऑफ जुलै. आय हॅव ऑलरेडी रिझाइन्ड फ्रॉम माय प्रीव्हियस जॉब. प्लीज कन्फर्म द न्यू डेट इन रायटिंग." शब्द शांत, तारखा ठळक. फोनवर काही सांगितलं तर त्याच दिवशी मेल करा: "ॲज डिस्कस्ड ऑन द फोन टुडे, माय न्यू जॉइनिंग डेट इज द फिफ्टीन्थ."

दुसऱ्यांदा तारीख हुकली तर दुसरीकडच्या मुलाखती सुरू करा आणि जुन्या कंपनीलाही विचारून पाहा: "इज माय पोझिशन स्टिल ओपन?" नोटीस पिरियड चालू असतानाच कळलं तर राजीनामा मागे घेण्याची विनंती करता येते: "आय वुड लाइक टू विथड्रॉ माय रेझिग्नेशन, इफ पॉसिबल." मान्य करायचं की नाही ते त्यांच्यावर आहे, पण शेवटच्या दिवसाच्या आत विचारलं तर दार उघडं असण्याची शक्यता बरीच जास्त असते.